लोपर ब्राइट निकाल: कायद्याचा अर्थ सरकारी एजन्सीऐवजी कोर्टाने लावायचा, हे बरं झालं का?

कलम_७०६: २८ जून २०२४ला लोपर ब्राइट खटल्यात अमेरिकी सुप्रीम कोर्टाने १९८४चं शेव्हरॉन तत्त्व मोडीत काढलं. तोवर कायद्याचा शब्द संदिग्ध असला आणि एजन्सीने लावलेला अर्थ वाजवी असला, की न्यायाधीशाला तो मान्य करावा लागे. खटला हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींचा. बोटीवर निरीक्षक ठेवायची तरतूद कायद्यात होती, पण या बोटींनी त्याचा पगार द्यावा असं कुठे म्हटलं नव्हतं. २०२०च्या नियमाने दिवसाला ७१० डॉलरपर्यंतचा भुर्दंड मालकांच्या माथी मारला. निकाल योग्यच. नेट न्यूट्रॅलिटी (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवायचा नियम) एजन्सीने २०१५ला आणली, २०१७ला काढली, २०२४ला परत आणली, तीही कायद्यात काडीचा बदल न होता! जानेवारी २०२५मध्ये सहाव्या सर्किटने (ठराविक राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील कोर्टाने) ती धरसोड थांबवली.

भोचक_वकील: आता धरसोड सर्किटा-सर्किटांत होणार. एकाच शब्दाचा ओहायोत एक अर्थ, कॅलिफोर्नियात दुसरा. त्यात तीनच दिवसांनी कॉर्नर पोस्टचा निकाल आला: नियमाला कोर्टात आव्हान द्यायची सहा वर्षांची मुदत नियम निघाल्यापासून नाही, तर वादीला झळ बसल्यापासून मोजायची. डेबिट कार्डाच्या शुल्काचा नियम २०११चा. कॉर्नर पोस्ट हा नॉर्थ डकोटातला ट्रक-थांबा उघडला २०१८ला, तरी दावा मुदतीत. म्हणजे नवी कंपनी काढा आणि कितीही जुना नियम कोर्टात खेचा.

कलम_७०६: मुदतीचं मान्य. पण लोपर ब्राइट फक्त कायद्याच्या अर्थापुरतं आहे. तांत्रिक आकडे, शास्त्रीय अंदाज अजून एजन्सीकडेच. मे २०२५मध्ये युटाच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात याच कोर्टाने न्यायाधीशांना बजावलं की पर्यावरण अहवालाचा कीस काढत बसू नका.

जर्सीकर: शेव्हरॉन गेल्यावर आपल्याकडे एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट गेलंच म्हणून केवढी बोंब झाली होती. झालं उलटंच. २ ऑगस्ट २०२४ला डीसी सर्किटने २०१५चा तो नियम शेव्हरॉनचा आधार न घेता उचलून धरला, कारण व्हिसावर राहण्याच्या अटी नियमाने ठरवायचा अधिकार मुळात काँग्रेसनेच (अमेरिकी संसदेने) दिलाय. ऑक्टोबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाही नकार दिला.

भोचक_वकील: कोर्टाने राखलं, पण सरकारचं काय? ९ एप्रिल २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने लोपर ब्राइटचंच नाव घेऊन एजन्सींना सांगितलं: बेकायदा वाटणारे नियम काढा, जमेल तिथे हरकती-सूचना न मागवता.

कलम_७०६: हरकती टाळायला सबळ कारण होतं का, हे कोर्ट तपासतंच. त्याचा शेव्हरॉनशी संबंध कधीच नव्हता.

भोचक_वकील: तपासेल हो, पण निकाल लागेपर्यंत नोकरी टिकते का?

जर्सीकर: हा मुद्दा मात्र खरा. ३० ऑक्टोबर २०२५पासून ईएडी (वर्क परमिटचं कार्ड) नूतनीकरणाची आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ बंद झाली. नियम आधी लागू, हरकती नंतर! त्या तारखेच्या आधी अर्ज केलेल्यांना धक्का नाही. बाकीच्यांचं कार्ड संपलं की त्या दिवसापासून काम बंद, अर्ज प्रलंबित असला तरी. आय-७६५ (ईएडीचा अर्ज) कार्ड संपण्याआधी १८० दिवसांपर्यंत भरता येतो, तर तो पहिल्याच आठवड्यात टाका. लोक अडकतात ते आय-५३९मुळे (व्हिसावरचा मुक्काम वाढवायचा अर्ज): एच-४ची मुदतही संपत असेल तर तो मंजूर झाल्याशिवाय ईएडी निघत नाही, आणि एच-४च्या आय-५३९ला प्रीमियमची (जादा पैसे भरून लवकर निकालाची) सोय नाही.