खुष्कीचा मार्ग म्हणजे चोरवाट नव्हे!

मुद्रितशोधक
‘परवानगी टाळण्याचा खुष्कीचा मार्ग’ अशी वाक्यं, चोरवाट किंवा जवळची वाट या अर्थाने, बातम्यांत सर्रास दिसतात. हा चुकीचा वापर आहे. फारसीत खुश्क म्हणजे कोरडा आणि खुश्की म्हणजे कोरडी जमीन. संस्कृत ‘शुष्क’ त्याचंच भावंड. पाण्यातून न जाता जमिनीवरून केलेला प्रवास तो खुष्कीचा. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि युरोपचा आशियाशी खुष्कीचा व्यापार अडला, हे शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलंय. त्यात लपूनछपून काही नव्हतं. शंका आली तर त्या जागी ‘जमिनीवरून’ घालून बघा. वाक्य टिकलं तर शब्द बरोबर.

बोलीभाषक
मूळ अर्थ मान्य, पण त्याच्या जोरावर आजचा अर्थ खोडता येत नाही. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, मराठीत दंड. ‘राजीनामा’ मुळात संमतीपत्र, आज तो नोकरी सोडताना देतात. नुसती ‘खुष्की’ आता कोण बोलतं? ती ‘मार्गा’ला चिकटून उरली, मग वाचणारा संदर्भावरूनच अर्थ लावणार.

मुद्रितशोधक
‘शिक्षा’चा जुना अर्थ मराठीत उरला नाही, म्हणून घोटाळा होत नाही. खुष्कीचा उरलाय. ‘फौज खुष्कीने गेली’ हे वाचून नवा वाचक ती लपत गेली असं समजतो. प्रत्यक्षात ती तोफा नि बैलांसकट उघड रस्त्याने गेलेली असते. जवळची वाट म्हणावं तर मुंबईहून अलिबागला जाऊन बघा. गेटवेहून लाँच तासाभरात अलिबागजवळच्या मांडवा बंदराला लावते. खुष्कीने पनवेल, पेण, वडखळ असा सुमारे 100 किलोमीटरचा वळसा!

शब्दवेडी
शिवाय नेमके शब्द आहेतच की. नियमातून निसटायची ती पळवाट, कुणाला दिसू नये ती चोरवाट, वर्दळीपासून बाजूला ती आडवाट. सगळं खुष्कीत कोंबलं की लिहिणाऱ्याला यातलं काय म्हणायचंय तेच कळत नाही.

बोलीभाषक
पळवाट आणि चोरवाट, दोन्हींत आरोप आहे. नियम न मोडता, नेहमीचं दार टाळून काम साधणं, ही छटा यांतल्या एकाही शब्दात नाही. लोकांना ती हवी होती म्हणून त्यांनी हा शब्द उचलला. कोशात दुसरा अर्थ म्हणून द्यावा, पुढे ‘लाक्षणिक’ लिहावं.

मुद्रितशोधक
लाक्षणिक म्हणायला मूळ अर्थाशी काही नातं लागतं. कोरड्या जमिनीतून ‘नेहमीचं दार टाळणं’ कसं निघतं, ते दाखवा. कानाने ‘खुशी’शी गल्लत केली असेल, तर ती लक्षणा नव्हे, चूकच.