पीसी मध्येच बंद पडतो, ब्लू स्क्रीन येते: फॉरमॅट मारण्याआधी काय काय बघता?

खटका
काल ओळखीतल्या एकाने फोटो पाठवला. ब्लू स्क्रीन, त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट', आणि खाली प्रश्न, "फॉरमॅट मारू का?" विंडोज ९८ च्या दिवसांतही हाच प्रश्न असायचा. तेव्हा दुसरं काही हातात नव्हतं. आता मशीन स्वतःच कितीतरी लिहून ठेवतं, ते कुणी उघडून बघत नाही. दोष रॅमचा असेल तर नव्या कोऱ्या विंडोजवरही तीच स्क्रीन परत येणार.

सुरुवात मी करतो. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज, आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा. मग स्क्रीन टिकून राहते, कोडचा फोटो नीट काढता येतो. त्याच ठिकाणी 'स्मॉल मेमरी डम्प' निवडा (डम्प म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल). पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) सी ड्राइव्हवर राहू द्या, ती पूर्ण बंद केली असेल तर डम्प लिहायला जागाच मिळत नाही. डम्प विंडोज फोल्डरातल्या मिनीडम्पमध्ये सापडतात.

एका वेळी एकच बदल करा. रॅम काढली, ड्रायव्हर बदलला, बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अपडेट केलं, सगळं एकाच दुपारी केलं तर बरं कशाने झालं ते कळत नाही.

तुम्ही कुठून सुरू करता, लिहा.

बारासुई
स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. फुल्या सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं तेही तिथेच निळ्या खुणेने दिसतं. निम्मं काम इथेच होतं.

पाणकोंबडी
धागा छान. वाखु (वाचनखूण) साठवली.

लोहचुंबक
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला निघतात. थांबा. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. कारण त्यात नसतं. डिटेल्स उघडून 'बगचेक कोड' बघा. शून्य असेल तर वीज तुटली, मशीन गच्च हँग झालं किंवा पॉवरचं बटण दाबून धरलं गेलं. शून्य नसेल तर तो आकडा दशमानात असतो, स्क्रीनवरचा स्टॉप कोड मात्र हेक्समध्ये (सोळाच्या पायावर). २९२ म्हणजे स्टॉप कोड १२४, हार्डवेअरची तक्रार. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड.

बारासुई
@लोहचुंबक, दशमानाचं लिहिलंत ते बरं केलंत. २९२ शोधत बसलं तर भलतीच पानं उघडतात.

सावलीतला
रॅमबद्दल लिहितो, खटका यांच्या फोटोत तेच आहे.

आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा, रॅम मूळ वेगावर येऊ द्या. तेवढ्यानेच क्रॅश थांबले तर काड्या (रॅमच्या पट्ट्या) कदाचित चांगल्या आहेत, त्या वेगाला मदरबोर्ड किंवा प्रोसेसर साथ देत नाही. नाही थांबले तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. चार पास तरी पूर्ण होऊ द्या, रात्रभर लावून ठेवलेलं उत्तम. एक जरी एरर आली तरी ती नापासच, "एकच तर आहे" असं म्हणून सोडू नका.

एरर आली की एकेक काडी, एकाच स्लॉटमध्ये. कुठला स्लॉट ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं, चार स्लॉट असतील तर बहुतेक प्रोसेसरपासून दुसरा. ठरावीक काडी कुठेही एरर देत असेल तर काडी गेली. ठरावीक स्लॉटमध्ये प्रत्येक काडी एरर देत असेल तर स्लॉट, किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, किंवा सॉकेटची वाकलेली पिन.

रॅम डीडीआर ५ प्रकारची असेल तर काड्या बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं. घाबरून वीज काढू नका.

अबोलीचा_वेल
ताई-दादांनो, माझं पोळ्यांचं काम चालू आहे म्हणून थोडक्यात: काडी काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसा, बरेचदा तेवढ्याने भागतं.

सावलीतला
@अबोलीचा_वेल ताई, भागतं खरं, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड बरं. आणि काडी बसवताना दोन्ही टोकांना 'टक' आवाज यायला हवा. काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, तिथे दुसरं टोक अर्धवट बसलेलं नजरेतून सुटतं.

अबोलीचा_वेल
मान्य. काडी हातात घ्यायच्या आधी वीज काढायची आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, हेही नवीन लोकांसाठी लिहून ठेवते.

तांब्याची_तार
ब्लू स्क्रीन न येता गेम सुरू झाला की थाडकन बंद, असं असेल तर एसएमपीएस आणि तापमान हे दोघे आधी.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन काळ्या वायरला, लाल पिन मोलेक्स (चार पिनांच्या मोठ्या) कनेक्टरच्या पिवळ्या वायरला. १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. लाल वायरला ४.७५ ते ५.२५. हे लोड चालू असताना मोजा, रिकाम्या मशीनवर मोजून उपयोग नाही. आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराची पडझड मल्टिमीटर पकडत नाही. खात्री करायची तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणे हाच मार्ग.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. एसएमपीएसचा डबा उघडू नका, वीज काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्या केबल तशाच ठेवू नका, त्याच्यासोबत आलेल्याच लावा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. प्लग बसतो, आणि हार्ड डिस्क जळते.

पाणकोंबडी
बाप रे. हे केबलचं माहीत नव्हतं.

दुपारची_झोप
अवांतर: यूपीएस असूनही वीज गेली की पीसी बंदच पडतो, त्याचं काय?

तांब्याची_तार
@दुपारची_झोप, आधी यूपीएसची बॅटरी बघा. ती ठीक असेल तर एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज खेचण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेला) आहे का ते बघा. यूपीएस बॅटरीवर गेल्यावर चौकोनी लाटेची वीज देत असेल तर असे काही एसएमपीएस ती सहन करत नाहीत. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागतो. आणि मशीनचे वॅट यूपीएसच्या वॅटशी जुळवा, डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या व्हीएशी नाही.

कोरडी_पेस्ट
तापमान. एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारा प्रोग्राम) चालू करून लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. क्रॅशनंतर शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर शंभरच्या आसपास घुटमळत असेल तर हीटसिंकचे चारही पुशपिन हलवून बघा, एक सुटलेली असली तरी पुरते. शक्य असेल तर मदरबोर्डच्या मागून बघा, पिनचं काळं टोक पूर्ण बाहेर आलेलं दिसायला हवं. धूळ हवेने उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू दिला तर बेअरिंग जातं. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

लोहचुंबक
ड्रायव्हर राहिलेच की. डम्प विनडीबीजीमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डम्प वाचणारा प्रोग्राम) उघडून 'ॲनलाइझ' चालवा. एनटीओएसकर्नलचं (विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल) नाव आलं म्हणून विंडोजला दोष देऊ नका, कोलमडतो तो कर्नल, धक्का देणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. चारपाच डम्प शेजारी ठेवा. प्रत्येकात तेच ड्रायव्हर असेल तर ते काढा. दर वेळी कोड वेगळा, ड्रायव्हर वेगळं, तर मुकाट्याने रॅमकडे वळा.

ग्राफिक्स ड्रायव्हर पुसायचं तर सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज), डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम), आणि नेट काढून. नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मध्ये स्वतःचंच ड्रायव्हर बसवतं.

सेफ मोडमध्ये जायच्या आणि बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की कुठे आहे ते शोधून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्यात असते बहुधा. की नसेल तर डेटा गेला.

बारासुई
+१. कागदावर लिहून ठेवा, त्याच पीसीवर नको.

रवाळ
इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर वेगळं प्रकरण आहे. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जाऊन चिप हळूहळू कमकुवत व्हायची. गेम शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) बनवताना पडतो, भरपूर मेमरी असलेल्या कार्डावर 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येतं, मोठी झिप उघडताना एरर, अशी लक्षणं. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले, ते बायोस अपडेटमधून येतात. पण अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. लक्षणं दिसत असतील तर वॉरंटीत बदलूनच घ्या, या चिपांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे.

पाणकोंबडी
माझा १२ वा आहे. सुटले.

गाळीव
डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) हार्ड डिस्कच्या नोंदी क्रमांक ५, १९७, १९८ बघा. रॉ व्हॅल्यू शून्याच्या वर आणि वाढत असेल तर डिस्क चालली. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल (डिस्कची डेटा केबल) बदला. आणि डिस्क कुरकुरत असताना चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) मारू नका हो! आधी डेटा बाहेर काढा. तपासणीत डिस्कचं वाचणारं डोकं पूर्ण डिस्कभर फिरतं, मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते.

सिस्टीम फाइल खराब वाटल्या तर आधी डिझमचं 'रिस्टोअर हेल्थ', मग एसएफसी (दोन्ही विंडोजच्या दुरुस्तीच्या कमांड). एसएफसी ज्या साठ्यातून फाइल घेते तोच डिझम दुरुस्त करतं, म्हणून हा क्रम.

दुपारची_झोप
लिनक्सवाले कुठे गेले सगळे?

रवाळ
@दुपारची_झोप, आहोत. हँग झाल्यावर आधी नमलॉक दाबा. दाबल्यावर दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे कर्नल जिवंत, गेला असेल तर डिस्प्ले. फोनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून मशीनमध्ये लॉगिन) आत जाता येतं का बघा. रिस्टार्टनंतर जर्नलसीटीएलने (लिनक्सच्या नोंदी वाचणारी कमांड) मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी वाचा. तिथे 'आउट ऑफ मेमरी' असेल तर तो क्रॅश नव्हे, रॅम संपल्यावर कर्नलने एक प्रोग्राम मारला.

अबोलीचा_वेल
माझ्या भाचीचा लॅपटॉप स्लीपमधून उठताना अडकतो. रोज शटडाउन करते तरी.

लोहचुंबक
@अबोलीचा_वेल ताई, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण नसतं, कर्नल डिस्कवर झोपवून ठेवतात आणि सकाळी तोच उठतो. रिस्टार्ट मात्र खरा नवा असतो. पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथून टिक काढायला सांगा. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर.

अबोलीचा_वेल
मग सुरू व्हायला वेळ लागेल का?

लोहचुंबक
एसएसडी असेल तर काही सेकंदांचाच फरक. कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल ते विचारून इथे टाका, ड्रायव्हरचं नाव सांगतो.