आपल्याच श्रद्धेचा अभ्यास : पद्धती आणि हमखास होणाऱ्या चुका (अनुभव धागा)

ज्या ग्रंथावर किंवा विधीवर आपली श्रद्धा आहे, त्याचाच विद्यापीठीय शिस्तीने अभ्यास करणाऱ्यांनी इथे लिहावं. काय करता, कुठे अडतं, हे हवं. देव आहे की नाही, हा वाद नको.

प्रतिसाद १
एकाच ग्रंथाच्या हस्तलिखित पोथ्या जुळवताना आधी पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची लेखनिकाची नोंद, बघा. तिथला शक नकलेचा असतो, रचनेचा नव्हे. कधी लेखनिक आधीच्या प्रतीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो. मग एक प्रत आधाराला धरून ओळीओळीने पाठभेद, म्हणजे प्रतींमधले शब्दांचे फरक, टिपायचे. ऱ्हस्व-दीर्घाचे फरक वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर महत्त्वाचे पाठभेद त्यात बुडतात.

पोथ्यांची मतमोजणी करू नका. एकाच प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे एकच साक्षीदार. पोथ्यांचं नातं ठरतं समान चुकांवरून. बरोबर पाठ काय, कुणाकडेही सारखाच असेल. त्यातही ओळ गळण्याची चूक फसवी. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर घसरते आणि मधली ओळ जाते. हे दोन लेखनिकांकडून स्वतंत्रपणे होऊ शकतं, म्हणून तेवढ्यावर नातं जोडू नये.

भाविक अभ्यासकाचा हात अडतो तो मागाहून आलेली आवडती ओळ मूळ पाठातून काढून तळटिपेत टाकताना. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली, १९१९–१९६६) गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. त्यावरून ती मागाहून आली एवढंच ठरतं. ती खोटी, निरर्थक किंवा पूजेला अपात्र, यातलं काहीही ठरत नाही. ही उडी श्रद्धाळू घाबरून मारतात आणि चिकित्सक उत्साहाने.

प्रतिसाद २
वरच्याला जोडून. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीत कुणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवल्यासारखी, असं त्यांनीच बजावलं. ग्रंथ पूज्य होता म्हणूनच पाठ नेमका हवा होता. चिकित्सा म्हणजे अश्रद्धा, हे समीकरण मला मुळातच चूक वाटतं.

प्रतिसाद ३
विधींचं निरीक्षण करताना वहीत तीन रकाने आखावेत: काय दिसलं, करणाऱ्यांनी अर्थ काय सांगितला, आपल्याला काय वाटलं. आपल्याच परंपरेत पहिला रकाना सर्वांत रिकामा राहतो, कारण सवयीच्या गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. उपाय म्हणजे क्रम लिहा: कोण आधी, कोण मागे, कुणाला आत प्रवेश नाही, चूक झाल्यावर ती कोण सुधारतं.

मुलाखतीत ‘का करता?’ सुरुवातीला विचारू नये. माणसं पाठ केलेलं उत्तर देतात. ‘मागच्या वेळी काय काय केलंत?’ असं विचारलं की बोलणं प्रत्यक्षावर येतं. आपण त्याच श्रद्धेचे आहोत हे लपवू नये. मात्र ‘तुम्हाला माहीतच आहे’ असं कुणी म्हणालं, तर मान न डोलावता सविस्तर सांगायला लावावं.

प्रतिसाद ४
धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं मांडली: विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती, समाजरचना, भौतिक वस्तू. आराखडा म्हणून सोयीची आहेत. अनुभवाच्या अंगात मात्र ‘दर्शन झालं’ असं लिहू नये आणि ‘भास झाला’ असंही नाही. ‘दर्शन झाल्याचं सांगितलं’ असं लिहावं.