मदत हवी आहे: जीएस, मल्टीस्ट्राडा, टायगर १२०० की आफ्रिका ट्विन? (उंची ५ फूट ६, मुक्काम कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मोठी ॲडव्हेंचर टूरर घ्यायचं ठरलंय, घरातून होकार पण मिळालाय (हेच सगळ्यात अवघड होतं), आणि आता युट्यूबवरचे रिव्ह्यू बघून बघून डोक्याचा पार भुगा झालाय. प्रत्येक रिव्ह्यूवाला सहा फुटी, एकटा, आणि गाडी कंपनीची. मला जे विचारायचंय ते तिथं कुणी सांगतच नाही, म्हणून इथं धागा काढला.

आधी माझं सांगतो. वय पंचेचाळिशी पार, सध्याची गाडी चारशे सीसीची सिंगल, बायको मागं, दोन्ही बाजूला बॅगा आणि समोर आंबा घाट आला की तिचा दम निघतो. (गाडीचा.) वापर म्हणजे वर्षभर कोकण-गोवा, आंबोली, फोंडा घाट, दिवाळीनंतर एखादी लांबची राइड, आणि पुढच्या वर्षी जूनअखेर लेह, मनालीकडून वर चढायचं आणि श्रीनगरकडून खाली. बायको आधी म्हणाली मी चंदीगडपर्यंत विमानानं येते, मग म्हणाली एवढी गाडी घेताय तर इथूनच बसून येते. म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच-सहा हजार किलोमीटर पिलियन फिक्स.

शॉर्टलिस्ट वर दिलीच आहे. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस, डुकाटी मल्टीस्ट्राडा व्ही४, ट्रायम्फ टायगर १२०० जीटी प्रो आणि होंडा आफ्रिका ट्विन ॲडव्हेंचर स्पोर्ट्स, ती पण डीसीटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी. आकडे तोंडपाठ झालेत आता, जीएस १४५ पीएस आणि २३७ किलो, टायगर १५० पीएस आणि २४५ किलो, मल्टी तर १७०, आणि आफ्रिका ट्विन शंभरच्या आसपास पण वजन २५०. खरं सांगायचं तर पॉवरचं मला काही पडलेलं नाही. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी, मग १७० घोडे पळवायचे कुठं? पुणे-कोल्हापूर रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चालू, दर दोन किलोमीटरला डायव्हर्जन. आणि कारखाने सुरू झाले की रात्री इकडं उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं लाइट नाही की रिफ्लेक्टर नाही, तिथं रडारवाला क्रूझ कंट्रोल काय करणार देव जाणे.

माझा खरा प्रॉब्लेम आहे तो गाडी थांबल्यावरचा. पुण्याला जाऊन आफ्रिका ट्विन सोडून बाकी तिन्हींवर बसून आलो. कागदावर सगळ्यांची सीट ८४० ते ८७० मिलिमीटरमध्येच, पण आकड्यावरून काही कळत नाही, सीट पुढं किती निमुळती आहे त्यावर पाय किती टेकतो ते ठरतं. शोरूमच्या फरशीवर तिन्ही जमल्या. मग टेस्ट राइडवरून आलो, एक गाडी पार्किंगला लावली, तिथं खडी टाकलेली आणि समोर भिंत, उतार भिंतीकडं. चहा पिऊन आल्यावर सेल्समन म्हणाला काढा सर बाहेर. इंजिन बंद, दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकलेले, मागं ढकलायला गेलो की बूट खडीत सरकतोय आणि गाडी जागची हलत नाही. शेवटी त्या पोरानं मागनं ग्रॅबरेल धरून ओढली तेव्हा निघाली. आता हेच मनाली-लेह वाटेवरच्या सरचूला, मागं बायको, बॅगा भरलेल्या, हातपाय गारठलेले, तेव्हा ग्रॅबरेल कोण धरणार?

जीएसला ऑप्शनमध्ये थांबताना आपोआप ३० मिलिमीटर खाली बसणारं सस्पेन्शन मिळतं, नव्या मल्टीला आणि टायगरला पण तसलं काहीतरी आलंय, हार्ली पॅन अमेरिकानं हे सगळ्यांच्या आधी केलं होतं. कुणी पिलियन आणि सामान घेऊन हे वापरलंय का? खरंच फरक पडतो का नुसता ब्रोशरमधला दागिना आहे?

दुसरा मुद्दा सर्व्हिस. इथून पुणं २३० किलोमीटर. बीएमडब्ल्यूची सर्व्हिस दर १० हजारला किंवा वर्षाला, ट्रायम्फची १६ हजार, डुकाटीची १५ हजार आणि व्हॉल्व्ह तपासणी तर ६० हजारला. ऐकायला डुकाटी झकास, पण काही अडकलं तर?

पेट्रोलचं पण बघायचंय. मनालीहून लेहला जाताना लागणाऱ्या तांदीच्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असं सांगणारी पाटी सगळ्यांना माहितीच आहे. टाकी जीएसची १९ लिटर, टायगर २०, मल्टी २२ (पण ती पितेही तशीच), आफ्रिका ट्विन ॲडव्हेंचर स्पोर्ट्स साडेचोवीस.

आणि बजेट ऑन-रोड २५ लाख, ते पण ताणून. जीएस जून २०२४ ला आली तेव्हा २०.९५ लाख एक्स-शोरूम होती. नंतर २०२५ च्या बजेटमध्ये कस्टम ड्युटी ५० वरून ४० वर आणली म्हणून पेढे वाटायचे बाकी होते, तर सप्टेंबरमध्ये ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचा जीएसटी सेससकट ३१ टक्के होता तो सरळ ४० केला. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं.

तर मंडळी, माझ्या उंचीला आणि वापराला यातली कुठली? ज्यांच्याकडं आहे त्यांनीच सांगा शक्यतो. अमुक गाडी म्हणजे भावना आहे वगैरे नको.

---

दर्याकिनारी:

वाचनखूण साठवली, मस्त धागा. माझ्याकडे सेकंड हँड १२५० जीएस आहे, उंची तुझ्याइतकीच, रत्नागिरी. २४९ किलो ऐकून घाबरू नकोस, बॉक्सरचं (आडव्या सिलिंडरच्या इंजिनचं) वजन खाली असतं, चालत्या गाडीला अगदी पायी चालायच्या स्पीडला पण ती पडायला बघत नाही. बाकीच्या उंच इंजिनवाल्या गाड्यांमध्ये आणि हिच्यात खरा फरक तिथेच आहे, टॉप स्पीडला नाही. पण एक कुणी सांगत नाही, सिलिंडर दोन्ही बाजूला बाहेर आलेले असतात त्यामुळे पाय सरळ खाली सोडला की जरा मागेच पडतो, आणि आमच्या वाडीतल्या पाणंदीतून दोन गडग्यांच्या मधून जाताना जीव मुठीत. हेडगार्ड पहिल्या दिवशी लाव.

२५ लाखात नवी १३०० ऑप्शन घेऊन बसणारच नाही, इम्पोर्टेड गाडीला आपल्याकडे रोड टॅक्स पण जास्त, हिशोब कर. १२५० चांगली सर्व्हिस हिस्टरीवाली बघ. १३६ पीएस, १४३ एनएम टॉर्क, २० लिटरची टाकी, तुला काय कमी पडणारे? फक्त फायनल ड्राइव्ह आणि शाफ्टचं (हिला चेनऐवजी शाफ्ट असतो) काम कधी झालं ते बिलासकट विचार, तोंडी हो-हो वर जाऊ नको. आणि २०२३ च्या आधीची असेल तर ई-२० पेट्रोलचं काय ते कंपनीला विचारून घे.

---

सीसी_कशाला:

एवढा खर्च कशाला राव, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ८०० डीई घ्या, दहा-अकरा लाखात काम होतंय, उरलेल्या पैशात दहा वेळा लेह.

---

आडवा_गिअर:

@सीसी_कशाला, व्ही-स्ट्रॉमची सीट ८५५ आहे, म्हणजे धागाकर्त्याचा प्रॉब्लेम तिथंच. वजन २३०, जीएसपेक्षा फक्त ७ किलो कमी. लोकांना वाटतं सीसी कमी केला की गाडी बुटकी होते, तसं नसतंय.

धागाकर्ते, मी गॅरेजवाला माणूस, चारही प्रकारच्या गाड्या हाताखालून गेल्यात. मल्टी यादीतून काढा. गाडी वाईट नाही, उलट घाटात तिच्यासारखी मजा दुसरी देणार नाही. पण १४:१ कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल चांगलंच लागणार, आणि तुम्ही जाणार कुठं तर जिथं मिळेल ते पेट्रोल टाकायचं तिथं. उभी असताना मागचे दोन सिलिंडर ती स्वतः बंद करते, गरम होऊ नये म्हणून, यावरून काय ते समजा, मे महिन्यात कोल्हापूरच्या सिग्नलला. शिवाय चेन. बायको आणि तीन बॅगांच्या लोडवर, लडाखच्या धुळीत, रोज मुक्कामाला पोचल्यावर चेन साफ करून ल्यूब मारायची हौस पहिले दोन दिवस टिकते.

चेन आफ्रिका ट्विनला पण आहे हे खरं, पण तिच्याकडं डीसीटी आहे आणि तुमच्यासाठी तो सगळ्यात मोठा मुद्दा. बुटकी माणसं गाडी कधी पाडतात? वळणावर यू-टर्न घेताना इंजिन बंद पडतं, गाडी एका बाजूला झुकलेली असते, पाय खाली शोधतो तर जमीन नाही, गेली. डीसीटी स्टॉलच होत नाही. क्लच नाही म्हणून आधी चुकल्यासारखं वाटतं, हळू चालवताना मागचा ब्रेक हलका धरून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, ती आठवड्यात लागते. कॉम्प्रेशन कमी, इंजिन निवांत, शंभर घोडे तुमच्या रस्त्यांना पुरून उरतील.

टायगरचं म्हणाल तर शाफ्ट आहे, सर्व्हिस १६ हजारला, पिलियनची सीट झकास. बजाजमुळं ट्रायम्फच्या शोरूम गावोगावी झाल्यात पण त्या ४०० साठी, १२०० चं काम तुमच्या जवळ कोण करतंय ते आधी विचारा आणि नाव-नंबर घेऊन ठेवा.

---

लालमाती:

मी ५ फूट ३, बाईमाणूस, आणि लिटर क्लासची गाडी चालवते, त्यामुळे जरा बोलू का? दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट आधी सोडा. थांबताना सीटवरून डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण तळवा टेकवायचा, उजवा ब्रेकवर. अख्खं जग असंच चालवतं. दुसरं, नाक उताराकडे करून गाडी कधीच लावायची नाही, तुमच्या त्या पार्किंगमध्ये सहा फुट्या माणसाची पण तीच गत झाली असती. नाक चढाकडे ठेवा, निघताना गाडी आपणहून मागे येते, फक्त ब्रेक सोडत यायचं. आणि वहिनींना आधी उतरवा मग गाडी हलवा, यात कमीपणा काही नाही.

खाली बसणाऱ्या सस्पेन्शनचं: काम करतं, मी चालवून बघितलंय. पण इंडियात कुठल्या व्हेरियंटला येतं ते शोरूमकडून लेखी घ्या. लो सीट पण मिळते वेगळी, ती बसवली की फोम कमी होतो आणि तीनशे किलोमीटरनंतर बूड बोलायला लागतं. वहिनींना घेऊन गेला होता का टेस्टला? नसाल तर निर्णयच घेऊ नका. मागच्याचे गुडघे किती वर येतात आणि टॉपबॉक्सला पाठ टेकते का हे त्यांनीच बसून सांगायचं असतं.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार, विशेषतः @लालमाती, एका पायाचं ते काल घराबाहेर माझ्याच गाडीवर करून बघितलं. बायकोला नेलं नव्हतं, हे तिला हा धागा वाचून कळलं आणि आता ती म्हणतेय की आधी मी बसणार मग चेक फाटणार.

मल्टी काढली. जड मनानं काढली, लाल रंग बघून पोरगं पण नाराज आहे, पण काढली. नवी १३०० हिशोबात बसत नाही, आकडा काढून बघितला, दर्याकिनारी बरोबर. आता एका बाजूला जुनी १२५० आणि दुसऱ्या बाजूला आफ्रिका ट्विन डीसीटी. टायगर अजून पूर्ण सोडलेली नाही, १२०० चं काम सगळ्यात जवळ कुठं होतं त्याच्या उत्तराची वाट बघतोय, दोनदा फोन केला, करून सांगतो म्हणालेत.

आफ्रिका ट्विन डीसीटी कोल्हापूर, सांगली, बेळगाव, गोवा पट्ट्यात कुणाकडं आहे का? चालवायला नको, फक्त दोघांना बसून, पार्किंगमध्ये पुढं-मागं करून बघायचंय, आमच्या भरलेल्या बॅगा आम्ही घेऊन येतो. आणि @आडवा_गिअर, घाटात उतारावर डीसीटी इंजिन ब्रेकिंग कसं देते, फोंडा घाट उतरताना बायको आणि सामान असताना हातानं गिअर खाली टाकावेच लागतात का ती स्वतः टाकते?