माथेरानला बदली झालीये, घर वर करायचं की खाली?

नारळीबाग
नमस्कार मंडळी, बायको शिक्षिका आहे, तिची माथेरानला ऑर्डर निघालीये. आम्ही रेवदंड्याचे, वाडी आणि समुद्र सोडून कुठे राहिलेलो नाही. माथेरान म्हणजे पिकनिकला जाऊन चिक्की आणि चप्पल आणायची एवढीच ओळख. आता तिथे बिऱ्हाड थाटायचं तर गॅस, रेशन, दवाखाना, पावसाळा हे सगळं कसं जमतं ते कोणी सांगेल का? आई आमच्याकडेच असते आणि तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे खरी काळजी तिचीच आहे. वर राहायचं की नेरळला घर घेऊन बायकोने रोज ये-जा करायची? तिथे नगरपरिषद आहे म्हणजे सोयी बऱ्या असतील असा माझा अंदाज.

लालमाती
दादा, मी तिथलाच, आता कामासाठी नेरळला असतो. नगरपरिषद म्हणून शहरासारखं काही धरून चालू नका. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३, पायथ्याचं नेरळ त्याच्या कितीतरी पट मोठं आणि तिथे मात्र ग्रामपंचायत. वर नगरपरिषद आहे ती थंड हवेचं ठिकाण म्हणून. गाव चार हजारांचं पण शनिवार-रविवारी पाणी, कचरा, संडास, रस्ते सगळं पर्यटकांच्या गर्दीच्या हिशोबाने सांभाळावं लागतं आणि दस्तुरीला, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावर, जो प्रवासी कर घेतात तो त्यासाठीच. लोक तो देताना कुरकुर करतात पण त्यांनी टाकलेल्या बाटल्या दरीतून वर काढणारे हात आमच्याच माणसांचे असतात हो.

आता मुद्द्याचं. गाडी दस्तुरीपर्यंतच, तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. ४ फेब्रुवारी २००३ ला माथेरान इको सेन्सिटिव्ह झोन झालं आणि वाहनबंदीवर केंद्राचा शिक्का बसला, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी सोडून. त्यामुळे गॅसची टाकी, तांदळाची गोण, सिमेंट, फ्रीज, जे काय असेल ते हातगाडीवर नाहीतर घोड्यावर. आणि ती हमाली प्रत्येक वस्तूच्या भावात धरलेली असते, म्हणून नेरळपेक्षा वर सगळंच महाग. महिन्याचा किराणा एकदाच खालून भरा आणि एकाच खेपेत चढवा.

भाजीचं मात्र चांगलं आहे. पनवेलच्या बाजूने धोधाणीकडून सनसेट पॉइंटची वाट चढून आदिवासी बाया डोक्यावर पाटी घेऊन येतात, रानभाज्या, काकड्या, सीझनला करवंदं-जांभळं. उभा चढ आहे तो. त्यांच्याशी घासाघीस करू नका एवढंच सांगतो.

घाटवाट
पावसाचं मी सांगतो, कर्जतचा आहे. तुम्ही कोकणातले आहात तर पाऊस नवीन नाही, पण तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पडतो आणि वर धुकं, दिवस दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल, पुस्तकांना बुरशी. तुमच्याकडे आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तशी मे अखेर भरूनच ठेवा. नेरळहून येणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. अमन लॉज स्टेशन दस्तुरीला लागूनच आहे त्यामुळे आईंसाठी तीच सोयीची, फक्त सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग बघूनच माणूस परत फिरतो.

रोज ये-जा करायचा विचार नका करू. घाटात टॅक्सी भरेपर्यंत थांबा, मग दस्तुरीहून पायपीट, परत संध्याकाळी तेच. उन्हाळ्यात जमेल एकवेळ, जुलैत वहिनींची दमछाक होईल.

नारळीबाग
मनापासून आभार दोघांचे. ई-रिक्षा सुरू झाल्यात असं ऐकलं होतं, त्याचं काय? आणि रात्री-अपरात्री आईला काही झालं तर?

लालमाती
ई-रिक्षा आहेत. आधी ९४ परवानाधारक हातरिक्षावाले होते, माणसाने माणसाला बसवून चढावर ओढायचं, माझ्या काकांनी आयुष्यभर तेच केलं. पावसात चाक रुतलं की मागून ढकलायला आम्ही पोरं जायचो, काकांच्या तळहाताला दांड्याचे घट्टे पडलेले ते अजून तसेच आहेत. डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग झाला, नंतर २० रिक्षा आल्या आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्यायच्या असं कोर्टाने सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर कोर्टाने हातरिक्षा अमानवी म्हणून सहा महिन्यांत पूर्ण बंद करा असा आदेश दिला. घोडेवाल्यांचा विरोध होता आणि त्यांचं पोट मलाही कळतं, पण शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं दप्तर-पिशव्या घेऊन तो रस्ता तुडवत होती ते बघितल्यावर मला तरी दुसरी बाजू पटत नाही. २० रिक्षा पुरत नाहीत हे खरं, अजून हव्यातच.

दवाखाना वर आहे, तापबीप, टाके वगैरे होतं. मोठं काही असेल तर ॲम्ब्युलन्सने घाट उतरायचा. आईंना बीपी-शुगर असेल तर औषधं नेहमी महिनाभराची जास्त ठेवा.

घाटवाट
पाण्याचं राहिलं. शार्लोट तलाव आहे पण मुख्य पाणी खालून उल्हास नदीवरून पंप करत चढवतात, त्यामुळे खाली वीज गेली की वर नळ कोरडा. पिंपं भरलेली ठेवा. आणि माकडं! तुम्ही रेवदंड्याहून सोडे-सुकट नेणारच, तर घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि खिडकीला जाळी आहे का ते घर बघतानाच बघा.

लालमाती
घर बघायला पावसातच जा, कोरड्या दिवसात सगळी घरं चांगली दिसतात. वर जागा बहुतेक सरकारी भाडेपट्ट्याच्या, नवीन बांधकामावर बंधनं, त्यामुळे भाड्याची घरं कमीच. आधी वहिनींनी शाळेत चौकशी करावी. बाजारपेठेच्या जवळ, पायऱ्या नसलेलं घर मिळालं तर भाडं थोडं जास्त गेलं तरी तेच घ्या, आईंना निदान स्टेशनपर्यंत आपल्या पायाने जाता येईल. तसं नाही मिळालं तर पहिला पावसाळा आईंना रेवदंड्यालाच राहू द्या आणि दिवाळीनंतर वर आणा.