बर्फाचा मसाज: कोपरावर किती वेळ, चेहऱ्यावर चालतो का?

कोपरकळा
टेनिस एल्बोसाठी (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) बर्फाने मसाज करायला सांगितलंय. खडा बोटात धरवत नाही, पाणी ओघळतं आणि थोड्या वेळाने कातडी बधिर होते. ते योग्य की थांबायची खूण? सकाळी सुजलेल्या डोळ्यांवर तोच बर्फ फिरवला तर?

फिजिओबाई
खडा नको. चहाचा मोठा कागदी कप पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा. काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. वरचा दोनेक सेंटीमीटर कागद सोलायचा, उरलेला कप हीच मूठ. खाली जुना टॉवेल.

फ्रीजरमधला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो, कोरडा लावला तर कातडीला चिकटतो. नळाखाली धरून ओला, चकचकीत झाला की वापरा.

कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबू नका, त्याच्या जरा खालच्या स्नायूवर लहान गोल फिरवा. एका जागी थांबायचं नाही. आधी गार, मग जळजळ, मग ठणका, शेवटी बधिरपणा. बधिर झालं की थांबा. बहुतेकांना ५ ते १० मिनिटं लागतात. म्हणजे तुमचं बरोबरच चाललंय. चूक होते ती पुढे, बरं वाटतंय म्हणून रेटत राहिल्यावर. कातडी गुलाबी होणं ठीक. पांढरी, मेणासारखी दिसली तर हिमदाहाची सुरुवात समजा.

कोपराची आतली बाजू टाळा. ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती नस तिथे अगदी वरवर आहे. आणि बधिर हाताने लगेच बादली उचलू नका, दुखणं फक्त झाकलेलं असतं.

त्वचाविचार
चेहऱ्याला वेगळा हिशेब. पातळ सुती रुमालात खडा गुंडाळून गालावर, कपाळावर एकेक मिनिट. डोळ्यांखाली त्याहून कमी, पापणीवर नाहीच. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून सूज उतरते, पण काही तासांपुरतीच. ‘छिद्रं कायमची बंद होतात’ हे पार्लरचं गाणं आहे. रोझेशिया (चेहरा लाल होत राहण्याचा त्वचाविकार) असेल किंवा गालावर लाल शिरा दिसत असतील तर करूच नका.

कोपरकळा
कपाऐवजी जेल पॅक चालेल?

फिजिओबाई
चालेल, पण कापडातून आणि न फिरवता. वितळता बर्फ शून्यावर अडतो. जेल शून्याखालीही मऊच राहतं, त्यामुळे कातडी जास्त पोळते.

हळदकुंकू
मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेल्यांनी, थंडीने बोटं पांढरी पडणाऱ्यांनी (रेनॉड) आणि गार लागताच अंगावर गांधी उठणाऱ्यांनी यात पडू नये. शिवाय १९७८ मध्ये दुखापतीवर ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र मांडणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच नंतर म्हटलंय की बर्फामुळे भरून येणं लांबू शकतं. दुखणं थोपवायला बर्फ ठीक आहे. टेनिस एल्बो उतरतो तो मनगटाच्या व्यायामांनी, तेही काही आठवडे नेमाने केले तर.