शब्दचर्चा : पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच प्रवेशात असेल, तर त्या अभ्यासक्रमाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (दारव्ह्याहून)

आमच्याकडे भूगोलाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखणं चालू आहे. बारावीनंतर एकदाच प्रवेश घ्यायचा आणि आधी बी.ए., मग एम.ए. असं शिकत जायचं. मराठी माहितीपत्रक लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. मसुद्यात आत्ता 'पंचवार्षिक एकात्मिक पदवी अभ्यासक्रम' असं नाव आहे. समितीतून 'संयुक्त पदवी', 'दुहेरी पदवी', 'जोडपदवी' आणि 'संलग्न पदवी' हेही शब्द पुढे आले. पत्रक वाचणार यवतमाळ-वाशीम जिल्ह्यांतल्या खेड्यांतली बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील. त्यांना एका वाचनात नीट कळेल असा शब्द कोणता? नुसत्या नावाबद्दलच नाही, आतल्या शब्दांबद्दलही सांगा.

अकोटहून

'संयुक्त' आणि 'दुहेरी' हे दोन आधी काढून टाका, सर. त्यांचे अर्थ आता नियमांत ठरलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत परदेशी संस्थांबरोबरच्या संयुक्त आणि दुहेरी पदव्यांच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत. संयुक्त पदवीत दोन्ही संस्था मिळून अभ्यासक्रम आखतात आणि प्रमाणपत्र एकच देतात. दुहेरीत दोन्हींची प्रमाणपत्रं वेगळी. त्याच वर्षी आयोगानं एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, त्यालाही लोक 'डबल डिग्री' म्हणतात. आयआयटीत आणखी तिसरंच 'ड्युअल' असतं, बी.टेक. आणि एम.टेक. एकाच प्रवेशात. तुमचा अभ्यासक्रम यांतल्या पहिल्या दोहोंत बसत नाही आणि तिसऱ्याशी गावातल्या माणसाला देणंघेणं नाही.

'संलग्न' तर नकोच. आपल्याकडे 'संलग्नित महाविद्यालय' हा शब्द इतका रुळलाय, की 'संलग्न पदवी' म्हणजे कुठल्या तरी कॉलेजाला चिकटलेली पदवी वाटेल.

'पंचवार्षिक'बद्दलही विचार करा. योजना पंचवार्षिक असायची ती पाच वर्षं चालायची म्हणून, निवडणूक पंचवार्षिक असते ती पाच वर्षांनी येते म्हणून. गावात हा शब्द ग्रामपंचायतीचा आहे. 'पाच वर्षांचा' हे साधं आणि पुरेसं आहे.

पुसदहून

इंटिग्रेटेड म्हटलं का आमच्याकडे एकच समजते. अकरावी-बारावीचं नाव कॉलेजात अन् पोरगं दिवसभर क्लासमध्ये, नीट-जेईईसाठी. माझ्या मोठ्या भावाच्या पोराला त्यायनं तसंच टाकलं होतं. फी लाखाच्या घरात. तुम्ही पत्रकावर 'इंटिग्रेटेड' लिहिलं, का बाप पहिले फी विचारीन अन् मंग पत्रक खाली ठेवीन.

अन् 'एकात्मिक' हा शब्द शेतकऱ्याला चांगला माहीत आहे, पण दुसऱ्याच कामासाठी. गुलाबी बोंडअळी आली का कृषी विभागाच्या पाट्यायवर 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' असते. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, मित्रकीटक, सगळं मिळून वापरा अन् फवारणी शेवटी. अंगणवाडीच्या पाटीवर बी 'एकात्मिक बाल विकास'. तिथं पोषण, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण, एका छताखाली. म्हणजे एकात्मिक म्हणजे बऱ्याच गोष्टी संगं करणं. तुमच्या इथं तर एकामागं एक आहे न सर? पहिले बी.ए., मंग एम.ए. मंग एकात्मिक काहून म्हणायचं?

दारव्ह्याहून

भाऊ, हे फार नेमकं सांगितलंत. एकत्र आणि एकामागून एक, हा फरक समितीत कुणाच्याच बोलण्यात आला नव्हता. 'सलग' कसं वाटतं? 'पदवी ते पदव्युत्तर : पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम.' सलग रजा, सलग पाऊस, तसं.

चांदूर रेल्वेहून

'सलग' मला आवडला, पण त्यात एक धोका आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सलग म्हटलं की मधे थांबता येत नाही असा अर्थ निघतो. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली तिसऱ्या वर्षापर्यंत येतात, तेच मोठ्या कष्टानं. तिसऱ्या वर्षी घरी लग्नाचं बोलणं सुरू होतं. मुलं तलाठी भरतीच्या मागे असतात. तलाठ्याला कुठल्याही शाखेची पदवी लागते, राज्यसेवेलाही लागते. त्यामुळे पालकाचा पहिला प्रश्न 'पाच वर्षांनी काय' हा नसतो. 'तीन वर्षांनी हातात काय' हा असतो. पाच वर्षं झाल्यावरच दोन्ही पदव्या एकदम देणार असाल, तर चौथ्या वर्षी शेतीची अडचण येऊन घरी परतलेल्या मुलाकडे बारावीचीच गुणपत्रिका राहील. तो भरतीचा अर्जसुद्धा भरू शकणार नाही. हे पत्रकात पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे आणि आधी अभ्यासक्रमातच आलं पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणात तशी सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, हिशेबात किमान ४०, ८०, १२० आणि १६०. एका वर्षाचं एम.ए. चौथ्या वर्षानंतर, दोन वर्षांचं तिसऱ्यानंतर, म्हणजे दोन्ही वाटांनी बेरीज २०० च्या आसपासच. एक वर्ष वाचतं असं कुणी पालकांना सांगत असेल तर ते खरं नाही, हे पत्रकात स्पष्ट लिहा. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं तर उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचं व्यावसायिक काम करावं लागतं. परत यायचं तर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे ३ वर्षांच्या आत यायचं आणि सगळी पदवी ७ वर्षांत पुरी करायची. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के. आमच्या मुलांना हा ७५ चा आकडा तिसऱ्या वर्षी कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

आता शब्दाबद्दल. मधे थांबून परत येण्याच्या या सोयीला सरकारी कागदात 'बहुप्रवेश-बहुनिर्गमन' म्हणतात. हा शब्द पत्रकात घालू नका, सर. खेड्यात 'निर्गम' ओळखीचा आहे तो प्रवेश-निर्गम उताऱ्यामुळे. जातपडताळणीसाठी आजोबा कुठल्या वर्षी शाळेत गेले आणि कधी नाव कमी झालं, हे त्या उताऱ्यावरून काढतात. तिथं निर्गम म्हणजे शाळा सुटली ती सुटलीच. ज्या मुलीला आपण 'थांब, पदवी घे, जमलं की परत ये' असं सांगू पाहतोय, तिच्या कागदावर 'निर्गमन' लिहिलं तर घरचे त्याचा अर्थ शिक्षण सुटलं असाच लावतील. 'टप्पा' म्हणा. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याला मिळणाऱ्या कागदाचं पूर्ण नाव.

अकोटहून

मॅडमशी पूर्ण सहमत. 'टप्पा' चालेल नव्हे, तोच हवा. फक्त तिसऱ्या टप्प्याच्या प्रमाणपत्रावर 'पदवी' हा शब्द असलाच पाहिजे, 'तृतीय टप्पा पूर्ण' असं काही नको. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात अभ्यासक्रमाचं नाव यादीतून निवडावं लागतं. पत्रकात एक नाव आणि यादीत दुसरं असलं की मूल सेतू केंद्रावर बसून राहतं.

'ऑनर्स' मात्र ऑनर्सच ठेवा. कुठे कुठे त्याचं 'मानद' केलेलं दिसतं. मानद म्हणजे न शिकता सन्मान म्हणून दिलेली पदवी. चौथं वर्ष अभ्यास करून काढलेल्या मुलाच्या हाती 'मानद' नको.

आरमोरीहून

'पदव्युत्तर' म्हणजे पदवीच्या उत्तर, पदवीनंतरचं. तुमच्या रचनेत तिसऱ्या वर्षी पदवी खरोखर हाती पडत असेल, तरच पुढच्या भागाला पदव्युत्तर म्हणता येईल. त्यामुळे चांदूरच्या ताईंचं म्हणणं व्याकरणानंही बरोबर ठरतं.

जाता जाता, जुन्या मराठीत एम.ए.ला 'कलानिष्णात' म्हणत. 'स्नातक' आणि 'निष्णात' हे दोन्ही शब्द 'स्ना' या एकाच धातूचे, न्हाण्याचे. विद्या संपवून न्हालेला तो स्नातक, विद्येत बुडून न्हालेला तो निष्णात. पत्रकात हे नको, पण सलग शिक्षणाला शोभणारी जोडी आपल्या भाषेत आहे एवढं समितीला जरूर सांगा.

एक विचारायचं होतं. चौथ्या वर्षात घेतलेले काही पेपर पुढे एम.ए.तही धरणार आहात का? अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत तसं असतं, तिथं एकच पेपर दोन्ही पदव्यांत मोजतात आणि त्यामुळे एकूण काळ खरोखर कमी होतो.

दारव्ह्याहून

सध्या नाही. श्रेयांक एकदाच मोजायचे असं ठरलंय. पुढे कधी तसं केलं, तर त्याला काय म्हणावं?

पुसदहून

सामाईक श्रेयांक. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते न, दोघायच्या नावावर पण विहीर एकच. कोणाले समजवाची गरज नाही.

दारव्ह्याहून

घेतला. आता पहिला परिच्छेद असा केलाय :

'भूगोल : पदवी ते पदव्युत्तर, पाच वर्षांचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम. बारावीनंतर एकदाच प्रवेश. तीन वर्षं पूर्ण झाली की बी.ए. पदवीचं प्रमाणपत्र मिळेल. ते घेऊन थांबता येईल, नोकरीचे अर्ज भरता येतील किंवा पुढे शिकता येईल. चौथ्या वर्षानंतर बी.ए. ऑनर्स, पाचव्यानंतर एम.ए. एकूण वर्षं पाचच राहतील, कमी होणार नाहीत. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतील. चौथं आणि पाचवं वर्ष तालुक्याच्या कॉलेजात नसून विद्यापीठाच्या विभागात होईल.'

'सलग' काढला. मॅडमचं कारण होतंच, शिवाय तीन वर्षांनी मुलांना गाव बदलावं लागणार आहे. तेव्हा ते सलग म्हणणं फसवल्यासारखं होईल.

चांदूर रेल्वेहून

शेवटच्या वाक्याला वसतिगृहाची माहिती जोडा. मुलींचे वडील ते वाक्य वाचून तिथंच थांबतील. वसतिगृह आहे का, जागा किती, अर्ज कधी, हे त्याच परिच्छेदात.

आणि पुढच्या पानावर 'क्रेडिट' शब्द बारा ठिकाणी आहे. आमच्याकडे क्रेडिट म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, म्हणजे पीककर्ज. 'विद्यार्थ्याच्या खात्यात क्रेडिट जमा होतील' हे वाचून एका वडिलांनी मला विचारलं होतं, 'मॅडम, हे फेडायचं कवा?' सगळीकडे 'श्रेयांक' करा. पहिल्यांदा येईल तिथं एक ओळ लिहा : १ श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणं किंवा ३० तास प्रात्यक्षिक. पैशाशी संबंध नाही.